छोटेपणाची सबब

हुबळी-धारवाडकडं मराठी पुस्तकाविषयी तक्रार करायला तोंड उघडलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं. प्रुफं नीट वाचलेली नाहीत म्हणा, विक्रीचा हिशेब मिळाला नाही म्हणा, पैसे भरून वर्ष उलटलं तरी पुस्तक हातात आलं नाही म्हणा, उत्तर तेच. "अहो, कर्नाटकात बसून मराठी पुस्तक काढतंय कोण आज? निघतंय हेच नशीब समजा. आम्ही काय धंदा मांडलाय? ही भाषेची सेवा आहे." वर एक सुस्कारा. तक्रार करणाऱ्यालाच अपराधी वाटावं असा त्याचा सूर असतो, आणि गंमत म्हणजे पुष्कळांना तसं वाटतंही. घरी जाऊन ते गप्प बसतात. हे उत्तर इतक्या जणांकडून ऐकून झालं आहे की त्याचा एकदा नीट समाचार घ्यायला हवा.

त्यात खरं किती, ते आधी मान्य करू. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यानंतर इथल्या मराठी पुस्तकाला आपलं म्हणणारं सरकार उरलं नाही. कन्नड पुस्तकाला कर्नाटकात ग्रंथालय खात्याच्या खरेदीचा, पुस्तक प्राधिकाराच्या योजनांचा थोडाफार आधार असतो. मराठी पुस्तकाला आधार शोधायचा तर महाराष्ट्राच्या दारात जावं लागतं, आणि तिथं पुण्या-मुंबईची रांग आधीच लागलेली असते. वितरकाला छापील किमतीतले तीस-चाळीस टक्के सोडावे लागतात. वाचक विखुरलेला. नव्या पिढीचं शिक्षण कन्नडमधून किंवा इंग्रजीतून. अशा ठिकाणी मराठी पुस्तक काढणं आतबट्ट्याचं आहे, यात वाद नाही.

पण या अडचणींतून निष्पन्न काय होतं? पाचशेऐवजी दोनशे प्रती छापाव्या लागतील. कागद हलका घ्यावा लागेल. मुखपृष्ठ चार रंगांऐवजी दोन रंगांत भागवावं लागेल. पुस्तक सहा महिने उशिरा येईल. इथवर समजू शकतं. दोनशे छापून पाचशे सांगणं मात्र गरिबीतून येत नाही. हिशेबाचा कागद न देणं, फोन उचलायचा बंद करणं, लेखकाची सही घेऊन स्वतः सही न करणं, यांतलं काहीही कागदाच्या भावावर अवलंबून नाही. खोट चारित्र्याची आणि सबब धंद्याच्या अडचणीची, अशी ही सरमिसळ आहे.

छोटा प्रकाशक म्हटला की ढिसाळपणा आलाच, असं ज्यांना वाटतं त्यांनी धारवाडच्याच सुभाष रोडवर जावं. तिथल्या एका माळ्यावरून मनोहर ग्रंथमाला चालत आली. कन्नड साहित्यविश्व त्या जागेला 'अट्टा' म्हणूनच ओळखतं. १९३३ साली जी. बी. जोशी यांनी मित्रांच्या साथीनं ती सुरू केली. जोशी स्वतः 'जडभरत' या नावानं नाटकं लिहीत. भांडवल म्हणाल तर वर्गणीदारांचं : त्यांनी आगाऊ पैसे भरायचे आणि ग्रंथमालेनं ठरलेली पुस्तकं त्यांना पोचवायची. गावोगावच्या माणसांनी आधी पैसे दिलेत आणि ती पुस्तकाची वाट बघताहेत, हे ओझं डोक्यावर घेऊन ही संस्था चालली. कीर्तिनाथ कुर्तकोटींसारखा समीक्षक तिचा सल्लागार होता. म्हणजे हस्तलिखित छापखान्यात जाण्याआधी कुणीतरी ते खरोखर वाचत होतं. गिरीश कर्नाड नावाचा तरुण ऑक्सफर्डला शिकत असताना त्याचं 'ययाति' हे नाटक १९६१ मध्ये इथून निघालं. यू. आर. अनंतमूर्तींची 'संस्कार' ही कादंबरी १९६५ मध्ये इथूनच निघाली. कर्नाडांना पुढं देशातला कुठलाही प्रकाशक मिळाला असता. तरी २०११ मध्ये त्यांचं कन्नड आत्मचरित्र आलं ते याच अट्ट्यावरून. पन्नास वर्षांनी लेखक त्याच दारात परत येतो, याहून मोठं प्रशस्तिपत्र प्रकाशकाला कोण देणार?

कुणी म्हणेल, ते कन्नड आहे, त्यांचं घरचं मैदान. बरं, मराठीतलं घेऊ. अशोक शहाण्यांचं प्रास प्रकाशन केवढंसं? ना इमारत, ना विक्रेत्यांचं जाळं. अरुण कोलटकरांच्या कविता १९७७ मध्ये तिथून आल्या, 'भिजकी वही' २००३ मध्ये तिथूनच आली आणि तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकांची पानं उघडून बघा. ओळ कुठं तुटावी, पान किती मोकळं सोडावं, याचा विचार झालेला दिसतो. छोट्या प्रकाशकाला मोठ्यापेक्षा जे अधिक परवडतं ते नेमकं हेच असतं : एका पुस्तकाला द्यायचा वेळ.

आता आपल्याकडचा व्यवहार जवळून पाहू. माझ्यापुढं एक 'संमतीपत्र' आहे; ते देणाऱ्याचं नाव सांगण्याची गरज नाही, कारण थोड्याफार फरकानं असे कागद अनेकांच्या कपाटात सापडतील. एका पानाचं. वर सरस्वतीचं चित्र, खाली मोबाइल नंबर, आणि नावापुढं कवी, संपादक, प्रकाशक, समाजसेवक अशी बिरुदं. मजकूर असा की लेखकानं तीस हजार रुपये दोन हप्त्यांत द्यावेत, त्याला शंभर प्रती मिळतील, पुस्तक 'लवकरात लवकर' प्रसिद्ध होईल, आणि सर्व हक्क प्रकाशकाधीन राहतील. एकूण किती प्रती छापणार, ते नाही. पानं किती, कागद कोणता, प्रुफं किती वेळा दाखवणार, नाही. शंभरापलीकडच्या प्रती विकल्या गेल्या तर लेखकाला काय, नाही. पुस्तक निघालंच नाही तर पैशांचं काय, अर्थातच नाही. तळाशी सहीसाठी एकच रेघ आहे, ती लेखकाची.

या व्यवहारातून जे पुस्तक निघालं तेही माझ्यापुढंच आहे. मुखपृष्ठ झकास, चकचकीत. मलपृष्ठावर लेखकाचा फोटो आणि त्याला महाकवींच्या पंक्तीत बसवणारी आठ ओळींची शिफारस. आत तेहतीस ते अठ्ठेचाळीस ही पानं दोनदा आहेत आणि एकोणपन्नास ते चौसष्ट नाहीतच; बांधणीत एक फर्मा दुबार लागला आणि पुढचा गळाला. उरलेल्या पानांत रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले आहेत, 'ऱ्या'च्या जागी चौकटी उमटल्या आहेत. विचारलं तर उत्तर : "श्रीलिपीतून युनिकोडमध्ये नेताना फाँट फुटला, आमच्या हातात नव्हतं." जुन्या फाँटमधला मजकूर नव्यात नेला की जोडाक्षरं बिघडतात, हे डीटीपीच्या टेबलावर बसणारं नवखं पोरसुद्धा जाणतं. त्यासाठीच रूपांतर झाल्यावर पुन्हा एक प्रूफ काढून वाचायचं असतं. धारवाडात तर अक्षरजुळणी करणारा पुष्कळदा कन्नड भाषक. मराठी त्याला ऐकून समजते, ऱ्हस्व-दीर्घ कसं कळावं? त्याचा यात दोष नाही. ज्यानं वाचण्याचे पैसे घेतले आणि वाचलं नाही, दोष त्याचा.

आणि त्या 'सर्व हक्क प्रकाशकाधीन'चं काय? हे तीन शब्द बघून लेखक दबतात. आपलंच लिखाण दुसरीकडं छापायला घाबरतात, परवानगी मागायला जातात. १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम १९, एकदा कुणाकडून तरी समजून घ्या. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवेत आणि देणाऱ्याची सही हवी. कोणती साहित्यकृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशापुरते, मानधन किती, हे त्यात यायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. करारात वेगळं काही म्हटलं नसेल आणि घेतलेला हक्क प्रकाशकानं वर्षभरात वापरलाच नाही, तर तो हक्क त्याच्याकडून निसटतो. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर नुसतं छापून हक्क कुणाचे होत नाहीत. हे सगळं एका पानात मावतं, त्याला वकील लागत नाही. "आम्हाला छोट्यांना असले वकिली कागद परवडत नाहीत" म्हणणाऱ्याला तीस हजारांची पावती फाडायला कागद परवडतो, एवढं लक्षात ठेवावं.

'कॉपीराइट काढून देऊ' हाही एक हप्ता असतो. लिहिलं त्या क्षणी हक्क लेखकाचा झालेला असतो. नोंदणी सक्तीची नाही, आणि कुणाला करायचीच असेल तर साहित्यकृतीसाठीचं सरकारी शुल्क पाचशे रुपये आहे. तीच कथा आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकावरच्या ओळखक्रमांकाची. तो क्रमांक केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची यंत्रणा देते आणि फुकट देते. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही देते. त्यासाठी वेगळे पैसे लावणारा माणूस दिसला की खिशाला हात लावायच्या आधी चार पावलं मागं सरावं. या तेरा आकड्यांचा पुस्तकाच्या गुणवत्तेशी संबंध नाही. पिठाच्या पिशवीवरच्या पट्ट्यांइतकंच त्यांचं काम.

मग त्यांचा एवढा बोलबाला का? धारवाड हे विद्यापीठाचं गाव, इथं तर हे सहज कळावं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीला गुण लावले आणि आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला त्यांत भाव आला. त्या दिवसापासून बढतीच्या अर्जाला जोडण्यासाठी पुस्तकं निघू लागली. पीएच.डी.चा प्रबंध, त्यातल्या तळटीपांसकट, जसाच्या तसा. प्रती पन्नास. वाचक, मुलाखतीच्या मंडळावरचे तिघे, तेही वाचतील तर. या मागणीवर कितीतरी छोट्या प्रकाशनसंस्था पोसल्या गेल्या, आणि तिथं मुरलेल्या सवयी घेऊन त्या निवृत्त शिक्षकांच्या, गृहिणींच्या, रेल्वेतल्या कवींच्या कवितासंग्रहांकडं वळल्या. प्राध्यापकाला पुस्तकाचा दर्जा नको होता, अर्जावरची नोंद हवी होती. त्याची फसवणूक झाली असं म्हणवत नाही. ज्या बाईंनी तीस वर्षं वहीत जपलेल्या कविता आणून दिल्या, त्यांची झाली.

प्रातिनिधिक संग्रहांचा धंदा तर याहून सोपा. शंभर कवींकडून पानामागं प्रवेशशुल्क घ्यायचं, प्रत्येकाला दोन प्रती विकत घ्यायला लावायच्या, समारंभात शाल-श्रीफळ, 'काव्यभूषण' वगैरे सन्मानचिन्ह, त्याचं नोंदणीशुल्क वेगळं. पुस्तक दुकानात जातच नाही. लिहिणारेच त्याचे वाचक आणि लिहिणारेच गिऱ्हाईक. पुरस्कारासाठी पुरस्कार घेणाऱ्याकडूनच पैसे मागितले गेले, की तिथं बाकी काही तपासायची गरज उरत नाही.

तारखांचीही हीच तऱ्हा. पुस्तक पुढच्या वर्षी मे महिन्यात येतं, आत 'डिसेंबर' छापलेलं असतं, कारण कुठल्याशा स्पर्धेची मुदत असते. शंभर प्रती संपल्या की मुखपृष्ठावर 'दुसरी आवृत्ती' येते. "कोण बघतंय?" म्हणतात. धारवाडकरांनी तरी असं म्हणू नये. कथाकार जी. ए. कुलकर्णी याच गावात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत होते. 'काजळमाया' या त्यांच्या संग्रहाला साहित्य अकादमीचा १९७३ चा पुरस्कार मिळाला, पुस्तक मुदतीत प्रसिद्ध झालं होतं का यावरून वाद निघाला, आणि जीएंनी पुरस्कार परत करून टाकला. त्या वादात कुणाचं किती चुकलं याचा निवाडा करण्याची ही जागा नाही. प्रकाशनाची तारीख ही किती गंभीर गोष्ट असते आणि तिच्यावरून शंका निघाली तर मानी लेखक काय करतो, हे मात्र या गावानं पाहिलेलं आहे. १८६७ पासून पुस्तकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि ठिकाण छापणं कायद्यानं बंधनकारक होतं. नियतकालिकांसाठी केलेला २०२३ चा नवा कायदा मार्च २०२४ मध्ये लागू झाला आणि पुस्तकं त्या बंधनातून सुटली. तो धाक गेला म्हणून पत्त्याच्या जागी नुसता मोबाइल नंबर छापण्याची मुभा आपणच घेतली. १९५४ चा कायदा अजून जिवंत आहे : प्रत्येक पुस्तकाची प्रत तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रकाशकानं स्वखर्चानं पाठवायची असते. दंड पन्नास रुपये आणि पुस्तकाची किंमत, म्हणून तो कुणी मनावर घेत नाही. भाषेची सेवा करणाऱ्यांनी तरी चार प्रती पाठवायला काय हरकत होती? पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक हुबळी-धारवाडच्या मराठीचा शोध घेईल, त्याला आपलं पुस्तक सापडेल कुठं?

लेखकानं पैसे घालणं हाच गुन्हा, असं मी म्हणत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' स्वतःच छापून प्रसिद्ध केली. धारवाडात जन्मलेल्या फ. गु. हळकट्टींनी कन्नड वचनसाहित्य छापायला विजापुरात स्वतःचा छापखाना घातला आणि त्यापायी घरादाराची पर्वा केली नाही. स्वतःच्या पैशानं, उघडपणे, स्वतःच्या नावावर पुस्तक काढणं यात कमीपणा कसला? खोट इतकीच की सगळा पैसा लेखकाचा, सगळी जोखीम लेखकाची, आणि नाव, हक्क, विक्री, सत्कारातली खुर्ची दुसऱ्याची. छापून देण्याचं काम करतो म्हणून दर सांगा, बिल द्या, मोकळे व्हा; त्यात अप्रतिष्ठा नाही. जोखीम न घेता प्रकाशक म्हणवून घ्यायचं असेल तर निदान सेवेची भाषा तरी सोडा. गावातलं सप्ताहाची वर्गणी गोळा करणारं मंडळही शेवटी जमाखर्चाचा कागद देवळाच्या भिंतीला डकवतं.

लेखकांनाही चार शब्द ऐकवायला हवेत. भिडेखातर, ओळखीखातर, पाहुण्यातला म्हणून कागद न करता पैसे देणारे आपणच. प्रुफं आली तर ती मुलाला वाचायला देणारे आपणच. मोठ्या माणसाची प्रस्तावना हवी म्हणून रांगा लावणारे, आणि ती प्रस्तावना न वाचता लिहिलेली आहे हे दिसत असूनही फ्रेम करून लावणारेही आपणच. गेल्या वर्षी ज्यानं फसवलं त्याच्याच व्यासपीठावर यंदा अध्यक्षपद मिळतंय म्हणून गप्प बसणारे लेखक मी पाहिले आहेत. प्रकाशकाला बोल लावण्याचा त्यांचा अधिकार त्या खुर्चीत बसताक्षणी संपतो.

शेवटी ते ठेवणीतलं अस्त्र : असं उघड लिहिलं तर सीमेपलीकडच्या मराठीचं नुकसान होईल, आधीच आपण मूठभर. हे मला सगळ्यांत अप्रामाणिक वाटतं. सीमाभागातल्या माणसानं भाषेसाठी जे सोसलं, त्याच्या आडून कुणी आपल्या थकलेल्या हिशेबाला संरक्षण मागावं? बेळगावजवळच्या कडोली, उचगावसारख्या गावांत माणसं पदरचे पैसे घालून साहित्य संमेलनं भरवतात. तिथल्या टेबलावर ठेवलेलं पुस्तक उघडून वाचकाला सोळा पानं गायब दिसली, तर पुढचं मराठी पुस्तक तो घेईल का? एक वाईट पुस्तक एका चांगल्या पुस्तकाचं गिऱ्हाईक तोडतं. मूठभर असल्यामुळंच हे परवडण्यासारखं नाही.

म्हणून लेखकांना सांगणं एवढंच. पुढच्या वेळी हस्तलिखित देण्याआधी प्रतींची संख्या, प्रसिद्धीची तारीख, प्रुफांच्या फेऱ्या, मानधन आणि वर्षाचा हिशेब, एवढं कागदावर मागा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. समोरच्यानं सेवेचा सुस्कारा टाकला तर चहा पिऊन हस्तलिखित परत घेऊन या. आणि ज्यांनी काहीच लिहून दिलेलं नाही पण पुस्तकावर 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' छापलेलं आहे, त्यांनी निश्चिंत असावं : तुमची लेखी सही नसेल तर ते हक्क आजही तुमचेच आहेत.